वाळूचा हिशेब कोण ठेवणार?
(हर्णे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



हर्णे म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. पहिले चित्र समुद्रात ठाण मांडून बसलेल्या सुवर्णदुर्गाचे आणि दुसरे पुळणीवर भरणाऱ्या मासळीच्या लिलावाचे. होड्या किनाऱ्याजवळ येतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात, पाट्या उतरतात आणि वाळूवरच बोली सुरू होते. सुवर्णदुर्गाकडे आता जगाचेही लक्ष गेले आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत सुवर्णदुर्गाचा समावेश आहे. प्रत्येक कोकणवासीयाची मान अभिमानाने उंचावावी, अशीच ही घटना आहे.

मात्र दुर्ग पाहणारा आणि लिलाव पाहणारा, हे दोघेही ज्या वाळूवर उभे असतात त्या वाळूकडे कोणी पाहत नाही. ती कोठून आली? दरवर्षी किती येते आणि किती जाते? पन्नास वर्षांपूर्वी पुळण होती तेवढीच आज आहे काय? मुरुड, कर्दे, हर्णे, आंजर्ले, आडे, केळशी अशी ही किनारपट्टी पसरलेली आहे. तिच्यावरील कोणत्याही एका गावाने ‘आमच्या वाळूची गेल्या वीस वर्षांची नोंद आमच्याजवळ आहे’ असे सांगितले, तर तो मोठा पराक्रमच मानावा लागेल. आजचा विषय हाच आहे. ही नोंद कोणी ठेवायची? ती ठेवण्याचे सामर्थ्य आपल्या तालुक्यातील महाविद्यालयांत कसे निर्माण करायचे?

ओसाड म्हणजे निरुपयोगी नव्हे

आपल्या मनात एक जुना समज घट्ट बसलेला आहे. जेथे भात पिकत नाही, आंबा लागत नाही, ती जमीन पडीक. सरकारी दप्तरातही वाळवंट, खडकाळ माळ आणि कातळसडे यांची गणना बहुधा पडीक जमिनीतच होत आली. डोळ्यांना जे रिकामे दिसते ते खरोखरच रिकामे असते असे आपण धरून चालतो.

हा समज किती महाग पडतो, हे राजस्थानने अनुभवले आहे. स्वातंत्र्यानंतर थरच्या वाळवंटाची वाळू शेतांवर आणि वस्त्यांवर सरकू लागली, तेव्हा 1952 मध्ये जोधपूर येथे वाळवंट-वनीकरणाचे केंद्र सुरू झाले. त्यातूनच 1959 मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजे ‘काझरी’, उभी राहिली. तेथील शास्त्रज्ञांनी सरकत्या टेकड्या स्थिर करण्याची पद्धत बसवली. प्रथम टेकडीवर गुरांना मज्जाव करायचा, मग वाऱ्याला आडव्या अशा काटक्याकुटक्यांच्या रांगा रोवायच्या आणि त्या आडोशाला गवत व झाडे लावायची. यंत्रे थोडी, निरीक्षण फार आणि धीर त्याहूनही मोठा, असे हे काम आहे.

याच प्रदेशाने दुसरा धडाही दिला. हिरवे ते सर्व चांगले, या समजुतीने तेथे परदेशातून आलेल्या वेड्या बाभळीला आश्रय मिळाला. 1940 मध्ये जोधपूर संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला होता. झाड काटक होते, सरपण मिळाले, हे खरे. परंतु पुढे ते इतके फोफावले की गवताळ कुरणे आणि स्थानिक झाडे यांच्या मुळावरच आले. खेजडीच्या झाडांसाठी 1730 मध्ये खेजडली गावी बिश्नोई समाजाच्या 363 स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. कोणते झाड आपले आणि कोणते उपरे, हे त्या समाजाला परंपरेने ठाऊक होते. शास्त्राच्या तपासाने तेच ज्ञान पुढे दृढ केले. परंपरेची श्रद्धा आणि शास्त्राचा तपास या दोहोंना एकमेकांची गरज आहे, हा त्यातला बोध.

आता कोकणाकडे वळू. येथे वाळवंट नाही. परंतु वाळवंटाचे दोन धाकटे भाऊ येथे आहेत. पहिला कातळसडा. आठ महिने तापून निघणारा, मातीचा पापुद्रा जेमतेम वागवणारा जांभा पहिल्या पावसाबरोबर जिवंत होतो. कोकणातल्या कातळसड्यांखेरीज जगात अन्यत्र न आढळणारी दीपकाडी जूनमध्ये पांढरी फुले धरते. मागोमाग गेंद आणि कीटक पकडून खाणारी सीतेची आसवे येतात. ज्याला आपण कातळ म्हणून हिणवतो, त्यावर शेकडो पूर्वजांनी कोरलेली शिल्पे आता जगापुढे आली असून 2022 पासून कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. दुसरा भाऊ म्हणजे पुळण आणि तिच्या पाठीशी असलेल्या वाळूच्या टेकड्या. खारा वारा, तापलेली वाळू, गोड्या पाण्याची वानवा आणि पायाखाली सदैव सरकणारी भूमी ही वाळवंटाचीच लक्षणे येथेही आहेत. अशा ठिकाणी मर्यादवेल पसरते. समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल, असे नाव आपल्या पूर्वजांनी तिला दिले, ते किती अचूक आहे! तिच्या लांबच लांब फांद्या वाळू धरून ठेवतात आणि वाऱ्याने आलेली नवी वाळू तिच्याभोवती साठत जाते. टेकडी बांधणारी पहिली गवंडी तीच. ती उपटून तेथे शोभेची हिरवळ लावली, तर बांधकाम थांबते आणि पडझड सुरू होते.

केळशीचा धडा

हर्ण्याच्या उत्तरेला, भारजा नदीच्या मुखाशी केळशीची वाळूची टेकडी आहे. दापोली तालुक्यातील पुष्कळांनी ती लहानपणी घसरगुंडी म्हणून वापरली असेल. तिचे महत्त्व उमगले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांना. डॉ. अशोक मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टेकडीच्या थरांचा अभ्यास केला. वाळूच्या पोटात मध्ययुगीन मानवी वस्तीचे अवशेष, खापरे आणि नाणी मिळाली. एखाद्या प्रचंड सागरी लाटेने ही वाळू एकाएकी आणून टाकली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. सर्वच अभ्यासक या निष्कर्षाशी सहमत नाहीत. वाऱ्याने आणि नेहमीच्या लाटांनी टेकड्या उभ्या राहतात हेही तितकेच खरे. परंतु वाद कोणत्याही बाजूने सुटो, एक गोष्ट निर्विवाद आहे. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने भारताच्या पूर्व किनाऱ्यावर हाहाकार उडवला. त्यानंतर ‘पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी असे कधी घडले होते काय?’ हा प्रश्न केवळ विद्वानांचा उरला नाही. तो किनाऱ्यावर नांदणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा झाला. त्याचे उत्तर ज्या मोजक्या ठिकाणी दडलेले असू शकते, त्यांतील एक ठिकाण आपल्या तालुक्यात आहे.

टेकडी हे नुसते बंद पुस्तकही नव्हे, ती तटबंदी आहे. दर्यावर्दी मराठ्यांनी सुवर्णदुर्गाच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला उभे केले. निसर्गाने तीच रचना गावांच्या रक्षणासाठी केली आहे. समुद्र खवळला की तो प्रथम पुळणीवर आदळतो, मग टेकडी खातो आणि मगच नारळी-पोफळीच्या बागेपर्यंत येतो. खाल्लेली वाळू शांत ऋतूत पुन्हा परत आणून टाकतो. ही देवघेव चालू राहिली तर गाव सुरक्षित राहते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत काय केले ते येथे कोणाला सांगायला नको. पिढ्यान्पिढ्यांच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. त्यानंतर पंचनामे झाले, छपरांचे झाले, झाडांचे झाले. वाळूचा पंचनामा मात्र कोण करणार? वादळापूर्वी पुळण किती उंच होती याचा आकडाच नसेल, तर वादळाने काय नेले ते सांगायचे कसे?

कायद्याने वाळूच्या टेकड्यांना संरक्षण दिले आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी 1991 मध्ये निघाली आणि 2019 च्या अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या व कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात आहेत. परंतु कायद्याला पुरावा लागतो. नकाशावर टेकडी दाखवलेली नसेल, तर कागदावर ती अस्तित्वातच नसते. मग एखाद्या सुट्टीच्या हंगामात ती सपाट होते आणि ‘येथे टेकडी होती’ असे सांगणारे दोन वृद्ध तेवढे साक्षीदार उरतात.

पुराव्याचे मोल किती, याचे एक मजेदार उदाहरण सर्व देशापुढे आहे. भारताचा समुद्रकिनारा 7516 किलोमीटर, असे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. नव्या मोजणीनंतर तोच किनारा 11,098 किलोमीटर असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. देशाचा किनारा रातोरात वाढला नाही. मोजपट्टी बारीक झाली, खाड्या आणि वळणे हिशेबात आली. पाहण्याची शक्ती वाढली की देश मोठा दिसू लागतो!

वेळासने काय केले?

‘हे सारे मोठ्या संस्थांचे काम आहे, आपण काय करणार?’ असा प्रश्न कोणाच्या मनात येईल, तर त्याने वेळासकडे पाहावे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव मंडणगड तालुक्यात आहे. तेथे समुद्री कासवांची अंडी पूर्वी सर्रास काढली जात. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली तेथे ग्रामस्थांच्या सहकार्याने घरट्यांचे संरक्षण सुरू केले. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला, गावातील घरांत पाहुण्यांची सोय झाली आणि गृहिणींच्या हाती चार पैसे आले. अंडी चोरणारे हातच अंडी राखू लागले. आंजर्ल्यासह अनेक गावांनी पुढे हाच मार्ग धरला.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री पुळणीवर येऊन वाळूत खड्डा करते आणि शंभर-सव्वाशे अंडी घालून समुद्रात परत जाते. अंड्यांना ऊब देते ती वाळूच. सुमारे पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यातून नर निपजणार की मादी, हेही वाळूचे तापमान ठरवते. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या वर वाळू तापली तर माद्या अधिक, खाली राहिली तर नर अधिक. म्हणजे पुळणीवर सुरूची सावली पडली, वाळूत माती मिसळली वा एकूण हवामानच तापले, तर त्याचा परिणाम थेट पुढच्या पिढीवर होतो. सुरूची झाडे वादळवाऱ्याला आडोसा म्हणून सद्‌हेतूने लावली गेली. परंतु हे झाड मूळचे या किनाऱ्याचे नव्हे. त्याचा लाभ किती आणि मर्यादवेलीला व कासवांना त्याची अडचण किती, हे प्रत्येक पुळणीवर मोजूनच ठरवावे लागेल. वेड्या बाभळीचा अनुभव पाठीशी असताना अंदाजावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

जानेवारी 2022 मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळासला ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याला ‘सावनी’ या कासविणींच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेंच्या बाबतीत असा प्रयोग प्रथमच होत होता. 2023 मध्ये गुहागरला यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट ओडिशात 2021 मध्ये खूण केलेली एक कासवीण जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. तिच्या पायावरील धातूच्या बिल्ल्यावर फक्त एक क्रमांक होता. एकाने ओडिशात तो क्रमांक नीट नोंदवला आणि चार वर्षांनी दुसऱ्याने कोकणात रात्री विजेरीच्या प्रकाशात तो नीट वाचला. पूर्व आणि पश्चिम किनारे एकमेकांशी जोडलेले आहेत हे त्या दोन प्रामाणिक नोंदींमुळे दिसले. राष्ट्राच्या एकात्मतेचा हा धडा एका मूक प्राण्याने दिला. परंतु तो वाचता आला तो नोंदवहीमुळे!

महाविद्यालयांचे सामर्थ्य कशात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संशोधन संस्था आपल्याकडे नाहीत काय? आहेत. दापोलीला 1972 पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे. या संस्थांचे ऋण कोकणावर मोठे आहे. परंतु दोना पावलाचा शास्त्रज्ञ दर पौर्णिमेला आडे-केळशीला येऊ शकत नाही. तेथे रोज जाऊ शकतो तो दापोलीच्या कला, वाणिज्य वा विज्ञान महाविद्यालयात शिकणारा, सकाळी एस. टी.ने येणारा, हर्ण्याचा वा आंजर्ल्याचा विद्यार्थी. त्याच्या घरासमोर प्रयोगशाळा पसरलेली आहे, एवढेच त्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

पदवी अभ्यासक्रमात पर्यावरणाचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी सिद्ध केले आणि त्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर भर दिला. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नेही क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली आहे. परंतु प्रत्यक्षात काय होते? विद्यार्थी प्रदूषणावरची चित्रे चिकटवून, कोठून तरी उतरवलेला मजकूर घालून प्रकल्प-वही सादर करतो. गुण मिळतात आणि वही रद्दीत जाते. दर वर्षी तालुक्यातील शेकडो तरुण हातांचे श्रम अशा रीतीने वाया जातात. हेच श्रम एका दिशेने लावले, तर दहा वर्षांत या किनाऱ्याइतकी समृद्ध नोंद क्वचितच कोठे सापडेल.

त्यासाठी फार पैसा लागतो काय? पुळणीचा उतार मोजण्याची एक पद्धत के. ओ. एमरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्यायच्या, त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. एक काठी जमिनीकडे, दुसरी ठरावीक अंतरावर समुद्राकडे उभी धरायची. मागच्या काठीशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे. ती रेषा मागच्या काठीला ज्या खुणेवर छेदते, तेवढा उतार. काठ्या पुढे सरकवत पाण्यापर्यंत जायचे. दोन काठ्या, एक दोरी, एक वही, दोन विद्यार्थी. क्षितिज परमेश्वराने फुकट दिलेले आहे.

याच्या जोडीला वाळूचे कण चाळून पाहण्याच्या चाळण्या आल्या, एक मीटर चौकोनातील वनस्पती मोजणे आले, घरट्याच्या खोलीवर वाळूचे तापमान घेणे आले, खेकड्यांची बिळे मोजणे आले. लिलावाच्या वेळी येणाऱ्या मासळीची जात आणि लांबी नोंदवणे, हे तर हर्ण्यालाच शोभणारे काम. पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मासा जाळ्यात येऊ लागला की ती धोक्याची पहिली घंटा असते आणि ती प्रथम येथेच, या वाळूवर ऐकू येते.

मात्र साधने सोपी म्हणून काम सोपे नव्हे. यातली कठीण गोष्ट आहे सातत्य. तीच जागा, तीच भरती-ओहोटीची वेळ, तीच पद्धत आणि दहा वर्षे खंड नाही. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, म्हणून नोंदवही विद्यार्थ्याची नको, महाविद्यालयाची हवी. मोजणीच्या जागा कायमच्या खुणांनी निश्चित हव्यात. नोंदीत खाडाखोड झाली तर ती दिसावी, लपू नये. ‘आज पाऊस होता म्हणून मोजले नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी घरी बसून आकडा रचणाऱ्यापेक्षा शंभरपट मोठा संशोधक होय. चारित्र्य घडवणे ही शिक्षणाची पहिली कसोटी आपण मानतो. खोटा आकडा न लिहिणे हे वैज्ञानिक चारित्र्यच आहे.

दुसरी गरज शिक्षकाची. एका महाविद्यालयात असा एकच प्राध्यापक असतो आणि तो निवृत्त झाला की काम थांबते. म्हणून दापोली, मंडणगड, गुहागर, रत्नागिरी येथील महाविद्यालयांनी एकत्र साखळी बांधावी. 1990 च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना जोडून जैवविविधतेच्या नोंदींचे जाळे उभे केले होते. लहान गावातील पदवी महाविद्यालयही विश्वासार्ह माहिती जमवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. वाळूच्या टेकड्या ओळखायला भूगोलाचा प्राध्यापक, वनस्पतींसाठी वनस्पतिशास्त्राचा, आकडेमोडीसाठी गणिताचा आणि गावातील वृद्धांच्या आठवणी टिपण्यासाठी मराठीचा अथवा इतिहासाचा, असे सर्वांचेच येथे काम आहे.

तिसरी गोष्ट, ही माहिती गावाला परत मिळाली पाहिजे. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. अनेक ठिकाणी ती कशीबशी भरली जाते. महाविद्यालयाची वही आणि ग्रामपंचायतीची वही एकमेकींना जोडल्या, तर धक्का कोठे बांधावा, निवासगृह कोठे होऊ द्यावे, वाहने पुळणीवर कोठपर्यंत यावीत, हे ठरवताना ग्रामसभेजवळ स्वतःचा आकडा असेल.

पोटाचा प्रश्न

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मच्छीमार बांधव म्हणतील, ‘आम्हाला सुसज्ज बंदर हवे आहे, पिढ्यान्पिढ्या होड्या उघड्यावर ठेवल्या. तुम्ही वाळूचे आणि कासवांचे सांगता.’ पर्यटकांवर ज्यांचा संसार चालतो तेही म्हणतील, ‘नियम आले की धंदा गेला.’ ही तक्रार खोटी नाही. संवर्धनाच्या नावाखाली गरिबाच्या चुलीत पाणी ओतणे हा धर्म नव्हे.

परंतु विरोध बंदराला नाही, अंधारात उडी घेण्याला आहे. समुद्रात आडवी भिंत घातली की किनाऱ्याने वाहत जाणारी वाळू एका बाजूला अडते आणि दुसऱ्या बाजूची पुळण उपाशी राहते, हा जगभरचा अनुभव आहे. भिंत कोणत्या दिशेने, किती लांब असावी, हे ठरवण्यासाठी त्या किनाऱ्यावरील वाळू कोणत्या ऋतूत कोणीकडे वाहते ते ठाऊक हवे. ती माहिती असेल तर बंदरही होईल आणि शेजारच्या गावाची पुळणही वाचेल. नसेल तर एका गावाचे बंदर दुसऱ्या गावाची धूप ठरेल, मग दगडांचे बंधारे, मग त्यांची दुरुस्ती, असा खर्च संपतच नाही. पर्यटकही पुळण पाहायलाच येतो. पुळण गेली तर खोल्या कोणासाठी बांधायच्या? वेळासने दाखवून दिले की राखण हीच मिळकत होऊ शकते.

या भूमीची बुद्धी या भूमीसाठी

हर्ण्यापासून हाकेच्या अंतरावरचे मुरुड ही महर्षी धोंडो केशव कर्वे यांची भूमी. परीक्षेला बसण्यासाठी ते विद्यार्थिदशेत मुरुडहून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. केम्ब्रिजला 1899 मध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय रघुनाथराव परांजपे हे आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना कोयनेच्या पाण्यात गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला आणि जगातील तज्ज्ञ चकित झाले. त्याच आघारकरांनी पुढे 1946 मध्ये पुण्यात संशोधन संस्था उभारली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोकणाच्या मातीत बुद्धीचा दुष्काळ कधीच नव्हता. परंतु ती बुद्धी मनीऑर्डर धाडण्यासाठी बाहेर गेली आणि घरची पुळण न वाचलेली राहिली. साताऱ्यापर्यंत पायी जाणाऱ्या त्या मुलाची जिद्द आजच्या विद्यार्थ्यात आहे. आज त्याला केवळ घरापासून पुळणीपर्यंत चालायचे आहे.

म्हणून येथून जाताना तीन लहान संकल्प करण्यासारखे आहेत. ज्यांचा महाविद्यालयांच्या संचालनाशी संबंध आहे, त्यांनी येत्या वर्षीचे प्रकल्प कागदी न ठेवता एक पुळण दत्तक घ्यावी आणि तिची नोंदवही ग्रंथालयात कायमची ठेवावी. ज्यांची मुले शिकत आहेत त्या माता-पित्यांनी, ‘समुद्रावर कशाला उन्हात जातोस?’ असे म्हणण्याऐवजी ‘आज काय मोजलेस?’ असे विचारावे. आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील सत्तरी ओलांडलेल्या मंडळींजवळ बसून पुळण पूर्वी कोठपर्यंत होती, मर्यादवेल कोठे होती, टेकडीला कोणत्या नावाने हाक मारीत, हे लिहून घ्यावे. या आठवणी कोणत्याही उपग्रहाने टिपलेल्या नाहीत आणि त्या सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

सुवर्णदुर्गाचे दगड साडेतीन शतके लाटा झेलत उभे आहेत, कारण ज्यांनी तो राखला त्यांना समुद्राची नाडी ठाऊक होती. भरती किती, वारा कोणता, खडक कोठे, याचा हिशेब त्यांच्यापाशी होता. आता जगाने त्या दुर्गाचा वारसा मान्य केला आहे. त्या दुर्गासमोरच्या वाळूचा हिशेब ठेवणे, हे त्याच वारसदारांचे काम आहे. येत्या पौर्णिमेला ओहोटी लागेल तेव्हा दोन काठ्या आणि एक वही घेऊन चार विद्यार्थी हर्ण्याच्या पुळणीवर उतरले, तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.